कमोडखालचा फ्लँज तुटलाय : रिपेअर रिंग चालेल की सगळाच बदलावा लागेल?

रारिटनकाठ

घर न्यू जर्सीतलं, १९९४ सालचं, लाकडी सांगाड्याचं. वरच्या मजल्यावरचा कमोड बसलं की डुगडुगतो, आणि आता बरोबर त्याच्याखाली दिवाणखान्याच्या छताला पिवळट डाग उमटलाय. कमोड उचलून जुन्या चादरीवर आडवा ठेवलाय.

कमोड आणि फ्लँजमधला सांधा बंद करणारं जुनं मेण खरवडल्यावर दिसलं ते असं : ३ इंची पांढरा पीव्हीसी पाइप, त्यावर अख्खा प्लॅस्टिकचा फ्लँज (कमोड बोल्टने धरणारी, पाइपाच्या तोंडावरची रुंद कडी). डाव्या बाजूला बोल्ट अडकवायची जी वाकडी खाच असते, तिच्या बाहेरची कड तुटून गेलीये, साधारण दीड इंचाचा तुकडा. उजवी बाजू धड आहे. खाली प्लायवुड, वर सिरॅमिक टाइल.

दुकानात अर्धचंद्राकृती पट्टी, स्टीलची गोल रिंग, प्लॅस्टिकचे जाड स्पेसर आणि नवा फ्लँज असं सगळंच मिळतं. प्लंबर म्हणतो पूर्ण बदला, खालून छत फोडावं लागेल. खरंच लागेल का? घरात दुसरं बाथरूम आहे, त्यामुळे घाई नाही.

पाना_पकड

आधी एक विचारतो : पाइपात बोळा कोंबलाय ना? पाण्याचा ट्रॅप कमोडच्या पोटात असतो, तो उचलला की गटाराचा वायू सरळ खोलीत येतो. जुना टॉवेल किंवा हवा भरलेली प्लॅस्टिकची पिशवी कोंबा, पण तिला दोरी बांधून दुसरं टोक बाहेर ठेवा. बोळा आत सरकून गेला तर फ्लँज परवडला म्हणायची वेळ येते. आणि कमोड परत बसवताना तो काढायला विसरू नका. हसू नका, हे नेहमी होतं.

आता मुद्द्याचं. रिंग की नवा फ्लँज हे तीन गोष्टींवर ठरतं.

तुटलंय कुठे? फक्त बाहेरची कड गेली असेल तर रिंगने काम भागतं, कारण त्या कडेचं काम फक्त बोल्ट धरून ठेवणं. पाणी अडवायचं काम गळ्याचं, म्हणजे पाइपात किंवा पाइपावर चिकटवलेल्या भागाचं. कडेची चीर गळ्यात उतरलेली असेल तर वरून कितीही स्टील ठोका, गळती राहणारच. कापडाने फ्लँज कोरडा करून टॉर्चचा उजेड तिरपा मारा, केसासारखी चीर असेल तरी दिसते. तुटलेल्या खाचेच्या दोन्ही टोकांपासून आतल्या बाजूला बघत या.

उंची किती? टाइलच्या पृष्ठभागावर एक सरळ पट्टी आडवी ठेवून फ्लँजच्या वरच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा. फ्लँजचं बूड तयार फरशीवर टेकलेलं आणि तोंड साधारण पाव इंच वर असायला हवं. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या बाथरूममध्ये आधी व्हिनाइल होतं, मग त्यावर बॅकरबोर्ड (टाइलखालची सिमेंटची पाटी) आणि टाइल चढली, फ्लँज मात्र तिथेच राहिला. मग मेणाची रिंग तोकडी पडते आणि बोल्ट आवळून आवळून कमोड खाली ओढायचा प्रयत्न होतो. तिथेच प्लॅस्टिक तुटतं.

सबफ्लोर, म्हणजे टाइलखालचा लाकडी थर, कसा आहे? फ्लँजभोवतीचं प्लायवुड स्क्रू ड्रायव्हरने टोचा. काळं पण टणक असेल तर वाळू द्या, चालेल. टोक सहज अर्धा इंच आत गेलं किंवा लाकडाचे पापुद्रे सुटले तर स्क्रू धरणार नाहीत. मग आधी तो तुकडा कापून नवा ३/४ इंची प्लाय घालावा लागेल, आणि त्याच्या कडा जॉइस्टवर (फरशीखालच्या लाकडी तुळईवर) किंवा तुळयांमध्ये आडव्या ठोकलेल्या लाकडी ब्लॉकिंगवर टेकायला हव्यात. अधांतरी तुकडा बसवून उपयोग नाही.

अर्धचंद्राकृती पट्टीबद्दल : ती तुटलेल्या कडेखाली सरकवायची असते, म्हणजे फ्लँज फरशीपेक्षा किंचित वर असेल तरच. तुमचा खाली असेल तर ती विसरा.

रारिटनकाठ

धन्यवाद. बोळा आहे, दोरीसकट. :)

मोजलं : फ्लँजचं तोंड टाइलच्या ३/८ इंच खाली आहे. गळ्यात चीर नाही. फ्लँज पाइपाच्या बाहेरून चढवलेला आहे. सबफ्लोर डाव्या बाजूला काळा, पण ड्रायव्हर जेमतेम टेकतो. आणि फ्लँजला सहा भोकं आहेत, स्क्रू एकही नाही! नुसता पाइपाच्या भरवशावर उभा होता.

पाना_पकड

मग निदान झालंच. स्क्रू नाहीत, तीन सूत (एक सूत म्हणजे १/८ इंच) खोल, कमोड डुगडुगणारा. कड तुटली नसती तरच नवल. छत फोडायची गरज नाही.

तुम्हाला लागेल : अर्धा इंच जाडीचा फ्लँज स्पेसर (उंची वाढवणारी कडी) एक, स्टेनलेस स्टीलची पूर्ण गोल रिपेअर रिंग एक, १०० टक्के सिलिकॉनची ट्यूब, २ इंची सपाट डोक्याचे १० नंबरचे स्टेनलेस स्क्रू सहा, कमोड धरणाऱ्या पितळी क्लोजेट बोल्टची जोडी (५/१६ जाडीची घ्या, पाव इंची बारीक वाटतात), वॅक्स रिंग (मेणाची रिंग) दोन. एकच लागते, पण पहिल्या झटक्यात कमोड नीट बसला नाही तर रात्री आठला दुकानात पळायला नको. क्लोजेट बोल्टला पितळी मुलामा दिलेले लोखंडी येतात, ते चुंबक लावून बाजूला टाका. पुढच्या वेळी गंजून नटासकट फिरतात.

क्रम असा. फ्लँजचं तोंड आधी पुट्टी नाइफने आणि मग मिनरल स्पिरिटच्या फडक्याने पुसा; मेणाचा तवंग राहिला तर सिलिकॉन धरत नाही. बोट फिरवल्यावर करकर वाजलं म्हणजे साफ. स्पेसर आणि रिंग कोरडीच ठेवून बघा, भोकं एकाखाली एक येतात का, आणि खाचा कमोडच्या डावी-उजवीला येतात का. दोन्ही बोल्टना जोडणारी रेषा मागच्या भिंतीला समांतर हवी आणि भिंतीपासून तिचं अंतर बहुतेक घरांत १२ इंच असतं. हे अंतर तयार भिंतीपासून मोजायचं, खालच्या लाकडी पट्टीपासून नाही.

मग ३/३२ किंवा १/८ इंची ड्रिलने स्क्रूसाठी भोकं पाडा. जुन्या फ्लँजमधून स्क्रू सरळ रेटला तर उरलेली कडही तडकेल. फ्लँजवर सिलिकॉनचे दोन गोल घ्या, एक आतल्या कडेजवळ, एक भोकांच्या बाहेरून. त्यावर स्पेसर, त्यावर पुन्हा तसंच सिलिकॉन, त्यावर स्टीलची रिंग. बोल्टची डोकी रिंगच्या खाली आधीच अडकवून ठेवा, रिंग आवळल्यावर ती आत जात नाहीत. स्क्रू समोरासमोरचे जोडीने आवळा, सिलिकॉन कडेने थोडं बाहेर आलं की थांबा. आतल्या बाजूला आलेलं बोटाने पुसून घ्या, नाहीतर तिथे कागद अडकेल. २४ तास हात लावू नका.

स्पेसर अर्धा इंच आणि रिंगची जाडी धरून तोंड टाइलच्या वर साधारण दीड सूत येतं. आदर्श दोन सूत, पण एवढ्यावर साधी वॅक्स रिंग नीट दबते.

स्क्रूंची लांबी मात्र स्वतः मोजून खात्री करा. स्पेसर, फ्लँज आणि पाऊण इंच प्लाय मिळून साधारण दीड इंच होतात, म्हणजे अर्धा इंच टोक खाली डोकावेल. तिथे पाइपाचं वळण अगदी जवळ असतं. त्यामुळे स्क्रू उभे घाला, आतल्या बाजूला तिरके अजिबात नको.

भुयारी_गटार

वरचं बरोबर आहे. ज्यांना फ्लँज पूर्णच बदलायचा आहे त्यांच्यासाठी थोडं, कारण लोक हा धागा शोधून वाचतील.

पीव्हीसी फ्लँज पाइपाच्या बाहेरून बसवलेला असेल आणि पाइप वाचवायचा असेल तर : कड मल्टिटूलने कापून टाका. उरलेल्या गळ्याला उभ्या चार-पाच चिरा द्या, गळ्याच्या जाडीएवढ्याच, आतल्या पाइपाला लागू न देता. मग चिरेत जुना छिन्नीवजा ड्रायव्हर घालून पिळा, तुकडे निघत जातात. पाइपावर उरलेला गोंद सँडपेपरने घासा. हे काम किचकट आहे, सावकाश करा, एक खोल चीर पडली की पाइप गेला आणि मग खरंच खालून छत उघडावं लागतं.

फ्लँज ४ इंची पाइपाच्या आतून बसवलेला असेल तर ड्रिलला लावायचा आतला पाइप-कटर मिळतो, छोटी गोल करवत असते. फरशीच्या किंचित खाली पाइप कापून त्यात रबरी गॅस्केटचा फ्लँज दाबून बसवता येतो, गोंद नाही, थांबणं नाही. ३ इंची पाइपात मात्र आतून बसणारा फ्लँज मी सुचवणार नाही. वाट आधीच ३ इंच, ती आणखी अरुंद होते, आणि काही ठिकाणच्या प्लंबिंग कोडला (नियमांना) हे चालतही नाही.

गोंदाचं काम : जांभळा प्रायमर दोन्ही पृष्ठभागांवर, तो ओला असतानाच पीव्हीसी सिमेंट, मग फ्लँज दाबत पाव फेरी फिरवून ३० सेकंद धरून ठेवायचा. त्या तीस सेकंदांत खाचा डावी-उजवीला नसतील तर खेळ खलास, मिनिटभराने तो हलत नाही. म्हणून फिरत्या स्टील रिंगचा फ्लँज घ्या, रिंग नंतर हवी तशी फिरवता येते आणि स्टील सहसा तुटतही नाही. पूर्ण प्लॅस्टिकचे फ्लँज चार पैसे स्वस्त असतात, एवढंच त्यांचं कौतुक. प्रायमरचा जांभळा थेंब टाइलच्या सांध्यात पडला की कायमचा, वर्तमानपत्र पसरा.

पाइप काळा असेल तर तो एबीएस, म्हणजे वेगळं प्लॅस्टिक. त्याला एबीएसचंच सिमेंट, प्रायमर लागत नाही. पांढरा फ्लँज काळ्या पाइपाला मिळेल त्या गोंदाने चिकटवू नका.

बिडाचा पाइप, म्हणजे १९७०च्या आधीची बहुतेक घरं : तिथे फ्लँज शिसं आणि ओकम (डांबरट तागाचे धागे) भरून बसवलेला असतो. वरची कडच मोडली असेल तर फरशीत स्क्रू करायची स्टीलची रिंग पुरते. पूर्ण काढायचाच असेल तर शिशात ओळीने भोकं पाडून ते उचकटायचं आणि रबर आवळून बसणारा कॉम्प्रेशन फ्लँज घालायचा. हातोडा जपून, बीड तडकतं आणि ती चीर भिंतीपर्यंत जाऊ शकते. त्या काळातल्या ९ इंची चौकोनी टाइल आणि त्याखालच्या काळ्या डिंकात अॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय घासू, कापू नका.

खाली काँक्रीट असेल तर लाकडी स्क्रू नाहीत, काँक्रीटचे निळे स्क्रू. ३/१६ इंची स्क्रूला ५/३२ चं मेसनरी बिट, भोक स्क्रूपेक्षा पाव इंच खोल, आणि धूळ फुंकून काढा. धूळ राहिली की स्क्रू अर्ध्यावर अडकतो आणि डोकं तुटतं.

वनिता_मिशिगन

फ्लँजचं सगळं आलं. पण गळती बऱ्याचदा कमोड परत ठेवताना होते, त्यावर लिहिते.

वॅक्स लावायच्या आधी कमोड एकदा कोरडाच ठेवा. चारही बाजूंनी दाबून बघा. डुगडुगला तर प्लॅस्टिकच्या पाचरा घालून स्थिर करा, पाचरांच्या जागा टाइलवर पेन्सिलने खूण करा, मग कमोड उचला. मेणावर बसवल्यानंतर पाचरा ठोकायला गेलात तर कमोड वर उचलला जातो आणि मेणात फट पडते. एकदा दाबलेलं मेण परत फुगत नाही.

बोल्ट ताठ उभे राहायला हवेत : प्रत्येकाला एक जादा वॉशर आणि नट घालून रिंगवरच आवळून टाका. नाहीतर कमोड खाली आणताना बोल्ट कलंडतात आणि भोकं सापडत नाहीत.

थंडीत गॅरेजमध्ये ठेवलेली वॅक्स रिंग दगडासारखी असते. दोन-तीन तास घरात आणून ठेवा. फ्लँजवर ठेवा किंवा कमोडच्या बुडाला चिकटवा, दोन्ही चालतं. मला फ्लँजवर ठेवलेली बरी वाटते, पडत नाही. बोळा काढला का? काढा.

कमोड दोघांनी उचला, टाकी वेगळी होत असेल तर आधी काढा. सरळ वरून खाली आणा, बोल्ट भोकांतून वर आले की सोडा आणि झाकण लावून त्यावर बसा. अंगाचं वजन पडू द्या, पण पिळायचं, हलवायचं नाही. कमोड बुडासकट फरशीला टेकला की नट घाला आणि आलटूनपालटून, पाव पाव फेरी. पान्याची मूठ छोटी धरा म्हणजे नटावर जोर कमी पडतो. नटाने कमोड खाली ओढायचा नसतो, जागेवर धरायचा असतो. जास्त आवळला की चिनी माती तडकते, आणि तो खर्च फ्लँजच्या कितीतरी पट.

रारिटनकाठ

एका ठिकाणी वाचलं की फ्लँज खोल असेल तर स्पेसर वगैरे नको, दोन वॅक्स रिंग एकावर एक ठेवल्या की झालं. आणि वॅक्सऐवजी रबरी सील?

पाना_पकड

दोन रिंगा चालून जातात, बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं चालल्याही आहेत. पण तुमचा फ्लँज मुळात सैल आणि तुटका, त्याला मेण हा इलाज नव्हे. शिवाय उंच मेणाचा ढीग बाजूला सरकतो, आणि कधी तुंबल्यावर प्लंजर मारला की जोराने त्यातून वाट फुटते. ठेवायच्याच असतील तर खालची साधी, आणि मेणात प्लॅस्टिकची नळी बसवलेली फक्त एक, वरची.

रबरी सील चांगले आहेत, एकट्याने काम करणाऱ्याला तर फारच. कमोड चुकला तर उचलून परत ठेवता येतो. फक्त ते फ्लँजच्या उंचीबाबत चोखंदळ असतात, पाकिटावरची मर्यादा वाचा. ३ इंची पाइपात त्यांची नळी आत जाते का हेही बघा.

वनिता_मिशिगन

रबराबद्दल माझं मत वेगळं. फ्लँज आता स्पेसरने बरोबर उंचीवर आलाय, कमोड हलणार नाही. मग मेणासारखं स्वस्त आणि टिकाऊ काही नाही. रबर तेव्हा घ्या जेव्हा गरम पाइप असलेली फरशी आहे किंवा कमोड थोडा हलणारच आहे. (तो हलता कामा नये, हे आलंच.)

मुठाकाठी

मध्येच विचारतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कमोडच्या बुडातून पाणी झिरपतंय. ही वॅक्स रिंग ऑनलाइन मागवू का?

ठाणेकर_मिस्त्री

नको, तिला बसायला जागाच नाही. आपल्याकडे सहसा हा फ्लँज नसतो. एस-ट्रॅप कमोडचं तोंड खाली जमिनीतल्या ११० मिमी पाइपात उतरतं आणि कमोड रॅक बोल्टने फरशीला धरलेला असतो. मधल्या सांध्यात रबरी पॅन कनेक्टर हवा. बरेच जण तिथेही व्हाइट सिमेंट भरून मोकळे होतात, ते कडक होतं आणि कमोड जरा हलला की तडकतं. पाणी मग टाइलखालून फिरत खालच्यांच्या छताला निघतं.

कमोडच्या कडेचं सिमेंट पातळ छिन्नीने हळूहळू कापा, बोल्ट काढा, उचला. पाइपाचं तोंड आतून साफ करा, कनेक्टरला साबणाचं पाणी लावा (तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं), आधी कमोडच्या तोंडावर चढवा आणि मग पाइपात उतरवा. नवा कमोड घ्यायचा असेल तर भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंत मोजून जा : ४ इंच, ९ इंच किंवा १२ इंच. चुकीचा आणला तर सरळ परत द्यायला लागतो, आणि वाकड्या कनेक्टरने जुळवलेला पुढे तुंबतो. पाइप जमिनीत नसून मागच्या भिंतीत असेल तर तो पी-ट्रॅप, त्याला वेगळा कनेक्टर.

रारिटनकाठ

स्पेसर आणि रिंग बसली, सिलिकॉन वाळतंय. शेवटचे दोन प्रश्न : कमोडच्या कडेने सिलिकॉन लावावं का, आणि छताचा डाग कधी रंगवू?

भुयारी_गटार

कडेने लावा. बहुतेक ठिकाणी कोडच तसं सांगतो, आणि फरशी पुसतानाचं पाणी आत जात नाही, कमोडही बाजूला सरकत नाही. पुष्कळ जण मागच्या बाजूला दोन-तीन इंच मोकळं सोडतात, म्हणजे सील गेलं तर पाणी डोळ्यांना दिसतं, खाली छतात जाऊन बसत नाही. वरच्या मजल्यावर मीही मोकळं सोडीन. पण तुमच्याकडचा इन्स्पेक्टर पूर्ण सील मागत असेल तर त्याच्याशी वाद नको. काहीही करा, लगेच लावू नका. आधी तपासा.

तपासायचं असं : बोल्टची वरची टोकं छोट्या हॅकसॉने कापा, नटाच्या वर दोन-तीन आटे ठेवून. नट घट्ट धरून कापा, नाहीतर करवतीच्या झटक्याने बोल्ट फिरतो. पाण्याची नळी नवीच घाला, स्टीलची वेणी असलेली. टाकीकडचा प्लॅस्टिकचा नट हातानेच आवळायचा, पाना लावला की आटे जातात. पाणी सुरू करून टाकीच्या खालचे सांधे टिश्यूपेपरने टिपा. मग कमोडच्या भांड्यात खायचा निळा रंग टाकून सहा-सात वेळा फ्लश करा. कडेने कोरडा टिश्यू सरकवून बघा. कडेला नुसतं स्वच्छ पाणी दिसलं आणि निळं नसेल तर ते बहुतेक टाकीच्या बाहेरून घामेजलेलं, किंवा नळीच्या सांध्याचं, फ्लँजचं नव्हे. दोन दिवसांनी नट पुन्हा हाताला जाणवेल इतकेच आवळा, मेण दबून किंचित सैल होतात. त्यानंतर सिलिकॉन.

छताला आत्ता हात लावू नका. डागाची कड पेन्सिलने आखून ठेवा आणि आठ-दहा दिवस वापरून बघा. रेषेबाहेर सरकला तर पाणी अजून कुठून तरी येतंय. बोटाने दाबून ड्रायवॉल (छताचा जिप्समचा पत्रा) मऊ लागलं तर तेवढा चौकोन कापून बदला. टणक आणि कोरडं असेल तर आधी डाग दाबणारा तेली किंवा शेलॅकचा प्रायमर, मग छताचा रंग. नुसता पाण्याचा रंग मारलात तर पिवळा डाग पुन्हा वर येतो, दोन हात मारले तरी.